केशवर्धक तेले आणि नामवंतांची प्रशस्तिपत्रे : एका जाहिराती दाव्याच्या पडताळणीचा इतिहास

सारांश

केस वाढविणाऱ्या तेलांच्या आणि औषधांच्या जाहिरातींत नामवंतांची नावे वापरण्याची प्रथा सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी आहे. अशा जाहिरातीची पडताळणी करताना तीन स्वतंत्र प्रश्न उपस्थित होतात. शिफारस खरोखर त्या व्यक्तीची आहे काय? त्या व्यक्तीने ती वस्तू स्वतः वापरली आहे काय? आणि त्या वस्तूमुळे केस वाढतात काय? प्रस्तुत लेखात अमेरिका, इंग्लंड, बंगाल आणि केरळ येथील चार प्रकरणांच्या आधारे हे तीन प्रश्न वेगळे करून तपासले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले म्हणून तिसऱ्याचे उत्तर मिळत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : प्रशस्तिपत्र, केशवर्धक तेल, साधनचिकित्सा, कुंतलीन, ग्राहक संरक्षण, व्यक्तिमत्त्व हक्क.

१. प्रस्तावना

वृत्तपत्रांतील आणि मासिकांतील जाहिरात हे सामाजिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. कोणत्या काळी कोणती वस्तू उपलब्ध होती, तिची किंमत काय होती, कोणत्या वर्गाला ती आकर्षित करीत होती, याची माहिती जाहिरातीतून मिळते. तथापि जाहिरातीत जे म्हटले आहे ते खरे होते काय, हा प्रश्न इतिहासाचे अभ्यासक बहुधा बाजूला ठेवतात. जाहिरात अतिशयोक्त असणारच, असे गृहीत धरून तिच्यातील विधानांची चिकित्सा केली जात नाही. सामान्य ग्राहकास मात्र हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही, कारण त्याला त्या विधानाच्या भरवशावर पैसे खर्च करावयाचे असतात.

केशवर्धक द्रव्यांच्या जाहिराती या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत. केस गळणे हा प्राणघातक विकार नाही. त्यामुळे वैद्याकडे जाण्याऐवजी बाजारातील बाटलीवर विश्वास ठेवण्याची प्रवृत्ती अधिक असते. शिवाय केस हा रूपाचा, तारुण्याचा आणि आपल्याकडे सौभाग्याचाही विषय असल्याने त्याविषयीची चिंता मनुष्य चारचौघांत बोलून दाखवत नाही. अशा वेळी एखाद्या सुप्रसिद्ध व्यक्तीने आपण होऊन दिलेली साक्ष ग्राहकाला मित्राच्या सल्ल्यासारखी वाटते. ही साक्ष तपासावयाची कशी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. अभ्यासपद्धती

ऐतिहासिक साधनांची चिकित्सा दोन टप्प्यांत केली जाते. साधन अस्सल आहे की बनावट, हे बाह्य चिकित्सेत पाहिले जाते. अस्सल ठरलेल्या साधनातील मजकूर कितपत विश्वसनीय आहे, हे अंतर्गत चिकित्सेत ठरविले जाते. महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाची परंपरा अस्सल कागदाच्या आग्रहातून घडली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मूळ कागदपत्रांच्या संग्रहाला जे स्थान दिले ते सर्वपरिचित आहे. परंतु कागद अस्सल आहे म्हणजे त्यातील मजकूर खरा आहे असे नव्हे, हेही प्रत्येक अभ्यासकास ठाऊक असते. पत्र लिहिणाऱ्याला घटना पाहण्याची संधी होती काय, पाहिलेले समजण्याची पात्रता होती काय आणि खरे सांगण्यात त्याचा तोटा अथवा खोटे सांगण्यात लाभ होता काय, हे प्रश्न शिल्लक राहतात.

हीच पद्धत जाहिरातीतील प्रशस्तिपत्रास लावता येते. शिफारस त्या व्यक्तीचीच आहे काय, हा बाह्य चिकित्सेचा प्रश्न होय. तिने वस्तू वापरली काय आणि तिचे हितसंबंध कोणते, हा अंतर्गत चिकित्सेचा प्रश्न होय. वस्तूमुळे केस वाढतात काय, हा कार्यकारणभावाचा प्रश्न असून त्याचे उत्तर एकट्या साक्षीदाराकडून मिळू शकत नाही. पुढील प्रकरणे याच क्रमाचा अवलंब करून तपासली आहेत.

३. सदरलँड भगिनी : केस खरे, कारण अप्रमाणित

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या नायगारा परगण्यातील सदरलँड घराण्यातील सात बहिणी गायन-वादनाचे कार्यक्रम करीत. प्रेक्षकांचे लक्ष मात्र त्यांच्या गाण्यापेक्षा त्यांच्या केसांकडे अधिक असे. सातही जणींचे केस असामान्य लांब होते आणि त्यांची एकत्रित लांबी ३७ फूट असल्याची प्रसिद्धी केली जाई. १८८० च्या दशकात त्या बार्नम आणि बेली यांच्या सर्कशीतून लोकांसमोर आल्या. त्याच सुमारास त्यांच्या नावाने केशवर्धक द्रव्य बाजारात आणण्यात आले. बहिणींनी दुकानांच्या दर्शनी भागात बसून केस मोकळे सोडावेत आणि जमलेल्या गर्दीला बाटल्या विकाव्यात, अशी या व्यापाराची रीत होती. त्यातून मिळालेल्या संपत्तीवर या कुटुंबाने १८९३ मध्ये आपल्या गावी मोठा वाडा उभारला.

येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर निर्विवाद होते. नाव त्यांचेच, छायाचित्र त्यांचेच आणि विक्रेत्याही त्याच. केसही खरे होते व कोणालाही ते समक्ष पाहता येत. परंतु ते केस त्या द्रव्यामुळे वाढले, यास कोणताही पुरावा नव्हता. सात सख्ख्या बहिणींचे केस सारखेच लांब असणे हे आनुवंशिकतेचे लक्षण अधिक आणि औषधाचे कमी, हा विचार गर्दीतील ग्राहकाला सुचला नसावा. औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकांत या द्रव्याचे जे पृथक्करण प्रसिद्ध झाले त्यात 'विच हेझेल' या वनस्पतीचा अर्क आणि 'बे रम' नावाचे सुगंधी मद्यार्कयुक्त द्रव्य हे मुख्य घटक आढळले. डोक्याला लावल्यास गार व प्रसन्न वाटावे, एवढाच त्यांचा गुण होता.

या व्यवसायास उतरती कळा लागली ती पडताळणीमुळे नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर स्त्रियांत आखूड केसांची पद्धत रूढ झाली आणि लांब केसांचे आकर्षणच ओसरले. अमेरिकेत १९०६ मध्ये अन्न व औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला होता. तथापि त्या कायद्यातील खोट्या वेष्टनलेखाची तरतूद रोगनिवारणाच्या खोट्या दाव्यांना लागू होत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये दिला. १९१२ च्या दुरुस्तीने ही त्रुटी अंशतः दूर झाली. सौंदर्यप्रसाधने तर १९३८ च्या कायद्यापर्यंत केंद्रीय नियंत्रणाच्या कक्षेत आलीच नाहीत.

४. जॉर्ज सिम्स आणि 'टॅचो' : प्रामाणिक साक्षीदाराची मर्यादा

इंग्लंडमधील प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. जॉर्ज रॉबर्ट सिम्स (१८४७-१९२२) हे आपल्या काळातील अत्यंत लोकप्रिय पत्रकार, नाटककार आणि कवी होते. लंडनमधील दरिद्री वस्त्यांचे वर्णन करणारे त्यांचे १८८३ मधील लेखन सामाजिक सुधारणेच्या इतिहासात नोंदले गेले आहे. १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या नावाने 'टॅचो' नावाचे केशवर्धक द्रव्य विक्रीस आले. जाहिरातींत सिम्स यांचे नाव ठळकपणे छापलेले असे. जिप्सी लोकांच्या रोमनी भाषेत 'टॅचो' या शब्दाचा अर्थ 'खरा' असा होतो. म्हणजे वस्तूच्या नावातच तिच्या सत्यतेची ग्वाही होती.

सिम्स भोंदू होते असे म्हणण्यास आधार नाही. किंबहुना अन्यायाविरुद्ध लढणारा लेखक म्हणून त्यांची ख्याती होती. अॅडॉल्फ बेक या गृहस्थास १८९६ मध्ये आणि पुन्हा १९०४ मध्ये दुसऱ्याच माणसाच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरविण्यात आले. अनेक स्त्रियांनी न्यायालयात शपथेवर बेकला ओळखले होते. त्या सर्वांची चूक झाली होती. सिम्स यांनी वृत्तपत्रांतून बेकची बाजू लावून धरली. १९०४ मध्ये बेकची निर्दोष मुक्तता झाली आणि या प्रकरणाच्या प्रभावातून १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांचे न्यायालय स्थापन झाले.

बेक प्रकरणाचा धडा असा की प्रामाणिक, स्वतः पाहिल्याचे सांगणारे आणि संख्येने अनेक असलेले साक्षीदारही चुकू शकतात. न्यायालयातील साक्षीविषयी सिम्स यांना जे पटले होते, ते केसांविषयीच्या साक्षीलाही तितकेच लागू होते. 'टॅचो'ची जाहिरात मात्र वाचकाकडे नेमकी तीच श्रद्धा मागत होती. एका क्षेत्रात चिकित्सक असलेली व्यक्ती दुसऱ्या क्षेत्रातही चिकित्सक असते असे नाही. नामवंताची कीर्ती ज्या गुणामुळे झालेली असते, त्या गुणाचा विक्रीच्या वस्तूशी संबंध असेलच असे नाही. ग्राहक मात्र कीर्ती संपूर्णपणे उचलतो आणि वस्तूवर ठेवतो. वैद्यकव्यवसायाने या काळात दुसरा मार्ग अवलंबिला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ आणि १९१२ मध्ये दोन ग्रंथ प्रसिद्ध करून अनेक गुप्त औषधांचे पृथक्करण आणि त्यांतील घटकांची प्रत्यक्ष किंमत लोकांपुढे ठेवली. शिफारस कोणी केली हे न विचारता बाटलीत काय आहे हे विचारण्याची ही पद्धत होती.

५. कुंतलीन आणि रवींद्रनाथ

याच सुमारास भारतातही देशी उद्योजकांनी सुगंधी केशतेलांचा व्यवसाय उभारला होता. कोलकात्याचे हेमेंद्रमोहन बसू, अर्थात एच. बोस, यांचे 'कुंतलीन' हे तेल त्यांत अग्रगण्य होते. 'देलखोश' हे अत्तर आणि पानात घालावयाचे 'तांबुलीन' ही त्यांची अन्य उत्पादने. बसू यांची व्यापारी कल्पकता असामान्य होती. १८९६ मध्ये त्यांनी 'कुंतलीन पुरस्कार' ही कथास्पर्धा सुरू केली. कथेत कुंतलीन आणि देलखोश यांचा उल्लेख यावा, परंतु कथा जाहिरात वाटू नये, अशी तिची अट होती. पहिल्याच वर्षीचा पुरस्कार मिळाला तो एका निनावी कथेस. तिचे लेखक होते वैज्ञानिक जगदीशचंद्र बसू. खवळलेल्या समुद्रात केशतेलाची बाटली रिकामी केल्याने वादळ शमते, अशी त्या कथेची कल्पना आहे. तिची सुधारित आवृत्ती पुढे १९२१ मध्ये त्यांच्या बंगाली लेखसंग्रहात समाविष्ट झाली. पाण्यावर पसरणाऱ्या तेलाच्या थराचे भौतिक तत्त्व आणि केशतेलाच्या जाहिरातींतील अद्भुत दावे यांची त्यात खेळकर सांगड आहे. सर्कशीतील सिंहाची झडलेली आयाळ तेलाने पुन्हा उगवल्याची त्यातील हकिकत म्हणजे केशतेलांच्या जाहिरातींचे विडंबनच होय. केशतेलाच्या मालकाने दिलेल्या पारितोषिकाच्या कथेत केशतेलाच्या दाव्यांची अशी गंमत केली जावी आणि मालकाने तिलाच प्रथम क्रमांक द्यावा, ही बाब त्या काळच्या वाङ्मयीन मोकळेपणाची निदर्शक आहे.

या तेलाच्या जाहिरातींत रवींद्रनाथ ठाकूर यांचे प्रशस्तिपत्र छापले जाई. रवींद्रनाथांनी अनेक देशी वस्तूंना आपले नाव दिले. मुंबईच्या गोदरेज कारखान्याचा वनस्पतिजन्य साबण हे त्याचे महाराष्ट्रातील वाचकास परिचित असलेले उदाहरण. कुंतलीनविषयीच्या त्यांच्या प्रशस्तिपत्राचा आशय पुढीलप्रमाणे आहे. त्यांच्या घरी हे तेल दोन महिने वापरून पाहिले. त्यांच्या एका आप्ताचे केस बऱ्याच दिवसांपासून गळत होते. कुंतलीनच्या वापराने एका महिन्यात नवीन केस आले. तेल सुवासिक आहे आणि वापरल्यानंतर त्याचा सुवास दुर्गंधीत बदलत नाही.

या मजकुराचे अंतर्गत परीक्षण केल्यास त्यात दोन भिन्न प्रकारची विधाने आढळतात. सुवासाविषयीचे विधान प्रत्यक्ष अनुभवाचे आहे. तेलाचा वास कसा आहे आणि काही दिवसांनी तो कुबट होतो काय, हे कोणत्याही संवेदनशील व्यक्तीला सांगता येते. त्यासाठी दोन महिन्यांचा वापर पुरेसा आहे. अशा विधानाबाबत रवींद्रनाथ हे उत्तम साक्षीदार ठरतात. केसांविषयीचे विधान मात्र निराळे आहे. त्यात केस गळत होते, तेल लावले आणि केस आले, असा तीन घटनांचा क्रम आहे. क्रम खरा मानला तरी त्यातून कारण सिद्ध होत नाही. शिवाय हा अनुभव आप्ताचा आहे, स्वतःचा नव्हे.

येथे रवींद्रनाथांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी जे पाहिले ते सांगितले, असेच मानणे योग्य होय. देशी उद्योगास उत्तेजन द्यावे ही भावनाही त्यामागे असणे स्वाभाविक आहे. तथापि साक्षीदार थोर आहे म्हणून त्याच्या साक्षीतील अनुमानही प्रमाण मानावे, असे होत नाही. हे समजण्यासाठी केसांच्या वाढीचे शास्त्र थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

६. अनुभव का फसवितो?

मनुष्याच्या डोक्यावर साधारणतः १ लाख केस असतात. प्रत्येक केस आपल्या मुळाशी स्वतंत्र चक्रातून जातो. वाढीची अवस्था काही वर्षे टिकते. त्यानंतर अल्पकाळाचे संक्रमण होऊन सुमारे ३ महिन्यांची विश्रांतीची अवस्था येते आणि अखेरीस तो केस गळून त्याच मुळातून नवा केस येतो. त्यामुळे निरोगी माणसाचेही दररोज ५० ते १०० केस गळतात. केसांच्या वाढीचा वेग महिन्यास सुमारे १ सेंटिमीटर असतो.

तीव्र ज्वर, प्रसूती, शस्त्रक्रिया, कुपोषण किंवा मोठा मानसिक आघात यांनंतर बरेच केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मोठ्या प्रमाणात गळू लागतात. वैद्यकात या प्रकारास 'टेलोजेन एफ्लुव्हियम' म्हणतात. मूळ कारण दूर झाले असल्यास ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते आणि नवे केस येतात. विषमज्वर आणि हिवताप ज्या काळी घरोघरी होते, त्या काळी या प्रकारची केसगळती किती सामान्य असेल याची कल्पना करता येईल. मनुष्य उपाय शोधतो तो गळती सर्वाधिक असताना. म्हणजे नेमक्या त्या वेळी, जेव्हा ती थांबण्याची नैसर्गिक प्रक्रिया सुरू होण्याच्या बेतात असते. त्या काळात लावलेले कोणतेही तेल गुणकारी ठरते. ठाकूर कुटुंबातील आप्ताच्या विकाराचे निदान आज करणे योग्य नाही, परंतु प्रशस्तिपत्रातील क्रम या स्पष्टीकरणाशी पूर्णतः सुसंगत आहे.

पुरुषांमधील आनुवंशिक टक्कल हा याहून निराळा प्रकार. त्यात केसांची मुळे संप्रेरकांच्या परिणामाने हळूहळू आक्रसतात. या विकारावर परिणाम करणारी द्रव्ये कशी सिद्ध झाली, हे पाहिल्यास प्रशस्तिपत्र आणि प्रयोग यांतील भेद स्पष्ट होतो. 'मिनॉक्सिडिल' हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढल्याचे आढळले. परंतु एवढ्या निरीक्षणावर ते विक्रीस आले नाही. एका गटास औषधाचे द्रावण आणि दुसऱ्या गटास औषधविरहित द्रावण देऊन तुलना करण्यात आली. औषधविरहित द्रावण लावणाऱ्या गटातही काहींना केस वाढल्याचे दिसून आले. म्हणूनच औषधाचा गुण ठरविण्यासाठी दोन गटांतील फरक मोजावा लागला. १९८८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डोक्याला लावण्याच्या मिनॉक्सिडिल द्रावणास आणि १९९७ मध्ये पोटात घेण्याच्या 'फिनास्टेराइड' या औषधास पुरुषांतील टकलासाठी मान्यता दिली. १९८९ मध्ये त्याच प्रशासनाने वैद्याच्या चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या, बाहेरून लावण्याच्या तत्कालीन केशवर्धक द्रव्यांना सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाही, असा नियम प्रसिद्ध केला.

मान्यता मिळाली ती कोणा नामवंताच्या नावावर नव्हे. ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत अशा सहभागींच्या मोजमापावर ती मिळाली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

७. थ्रिसूर प्रकरण : शिफारसकर्त्याची जबाबदारी

भारतात औषधविषयक फसव्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून स्वतंत्र कायदा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'जे' परिशिष्टात जे विकार बरे करण्याचा दावा औषधास करता येत नाही त्यांची यादी असून तीत टक्कल आणि नवीन केसांची वाढ यांचा समावेश आहे. जाहिरातक्षेत्राने स्वनियमनासाठी १९८५ मध्ये मुंबई येथे भारतीय जाहिरात मानक परिषदेची स्थापना केली. तथापि या सर्व व्यवस्थांचा रोख उत्पादक आणि जाहिरातदार यांच्याकडे होता. जाहिरातीत झळकणारी व्यक्ती उत्तरदायी मानली जात नसे.

अमेरिकेत हा प्रश्न १९७८ मध्ये पुढे आला होता. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने गायक पॅट बून यांच्यावर मुरुमांवरील एका औषधाच्या जाहिरातीबद्दल कारवाई केली. आपल्या मुलींना त्याचा गुण आल्याचा त्यांचा दावा आयोगाने अमान्य केला आणि बून यांनी ग्राहकांच्या भरपाईत वाटा उचलण्याचे मान्य केले. नामवंत शिफारसकर्ता व्यक्तिशः जबाबदार ठरू शकतो, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

केरळमधील थ्रिसूर जिल्हा ग्राहक मंचापुढील प्रकरण याच परंपरेतील आहे. एका ग्राहकाने २०१२ मध्ये 'धात्री' या नावाचे केशवर्धक मलम ३७६ रुपयांस विकत घेतले. सहा आठवड्यांत केस वाढतील असे जाहिरातीत सांगितले होते. जाहिरातीत मल्याळम् चित्रपट-अभिनेते अनूप मेनन होते. गुण न आल्याने ग्राहकाने तक्रार केली. साक्षीत अभिनेत्याने आपण ते मलम वापरले नसून आईने घरी तयार केलेले तेल वापरतो, असे सांगितले. मंचाने उत्पादक आणि अभिनेता यांना प्रत्येकी १०,००० रुपये देण्याचा आदेश दिला. हा निर्णय जानेवारी २०२१ मध्ये देशभर प्रसिद्ध झाला.

३७६ रुपयांच्या वस्तूसाठी एका सामान्य ग्राहकाने आठ वर्षे पाठपुरावा केला, ही या प्रकरणातील विशेष बाब होय. रकमेपेक्षा प्रश्न महत्त्वाचा होता. शिफारस अस्सल होती, परंतु तिच्यामागे अनुभव नव्हता. म्हणजे आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी आले. रवींद्रनाथांच्या प्रशस्तिपत्राशी याची तुलना केल्यास काळाचा फरक स्पष्ट दिसतो. तेथे निदान घरात वापरलेल्या तेलाविषयीची साक्ष होती. येथे न वापरलेल्या वस्तूविषयी चेहऱ्याने दिलेली साक्ष होती.

ही तक्रार प्रलंबित असतानाच कायद्यातही बदल झाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २१ अन्वये फसव्या जाहिरातीतील शिफारसकर्त्यास १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढील उल्लंघनासाठी ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यास एक वर्षापर्यंत व पुढे तीन वर्षांपर्यंत शिफारस करण्यास मनाई करता येते. दाव्यांच्या सत्यतेविषयी योग्य ती चौकशी केली असल्यास त्यास या दंडातून सूट आहे. हा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस ही त्या व्यक्तीचे खरे मत दर्शविणारी आणि वस्तूविषयीच्या पुरेशा माहितीवर वा अनुभवावर आधारलेली असणे आवश्यक आहे. शिफारस करणाऱ्यानेच चिकित्सा करावी, ही अपेक्षा प्रथमच कायद्याच्या भाषेत आली.

८. चेहरा परस्पर वापरला जातो तेव्हा

आतापर्यंतच्या चारही प्रकरणांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. अलीकडच्या काळात मात्र तोच प्रश्न सर्वांत कठीण झाला आहे. संगणकीय तंत्राच्या साहाय्याने नामवंताचा चेहरा, आवाज आणि ओठांची हालचाल यांची नक्कल करून त्याने कधीही न केलेली शिफारस तयार करता येते. ही फसवणूक तत्त्वतः नवी नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९०५ मध्ये आलेल्या एका खटल्यात विमा कंपनीने एका चित्रकाराचे छायाचित्र त्याच्या संमतीविना छापून त्याच्या तोंडी विम्याची स्तुती घातली होती. प्रत्यक्षात त्याने तो विमा घेतलाच नव्हता. न्यायालयाने त्याचा खासगीपणाचा हक्क मान्य केला. तंत्र बदलले असले तरी कृत्य तेच आहे.

मे २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या वतीने मुंबईच्या सायबर पोलिसांकडे फिर्याद देण्यात आली. आरोग्यविषयक उत्पादनांच्या विक्रीसाठी त्यांचे नाव, छायाचित्र आणि आवाज परस्पर वापरल्याची ती तक्रार होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचे नाव, प्रतिमा व आवाज यांच्या अनधिकृत वापरास मनाई केली. कपूर यांच्या प्रकरणात 'झकास' या मराठी शब्दाच्या त्यांच्या विशिष्ट उच्चारासही संरक्षण मिळाले.

या निर्णयांनी नामवंतांच्या हक्काचे रक्षण होते. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र त्यांत एक धोका संभवतो. शिफारस बनावट आहे काय, एवढाच प्रश्न चर्चेत राहिल्यास जी शिफारस बनावट नाही ती आपोआप विश्वासार्ह वाटू लागते. एखाद्या अभिनेत्रीच्या नावाने केशवर्धक गोळ्या विकल्या जात असतील आणि तिने त्याचा इन्कार केला, तर ती जाहिरात खोटी ठरते. पण तिने होकार दिला असता तर गोळ्यांनी केस वाढले असते काय? सदरलँड भगिनींचा होकार होता, सिम्स यांचा होता, रवींद्रनाथांचा होता. केसांच्या मुळांना या होकारांची दखल घेण्याचे कारण नव्हते.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) नामवंताच्या प्रशस्तिपत्राची अस्सलता, त्यामागील अनुभव आणि वस्तूची गुणकारकता या तीन वेगळ्या बाबी आहेत. एकीच्या सिद्धतेने दुसरी सिद्ध होत नाही.

(२) सुवास, सुखदता यांसारख्या प्रत्यक्ष अनुभवाच्या बाबतीत वापरणाऱ्याची साक्ष ग्राह्य आहे. केसांची गळती अनेकदा आपोआप थांबत असल्याने केशवृद्धीच्या बाबतीत प्रामाणिक साक्षही अपुरी ठरते.

(३) कायद्याची वाटचाल प्रथम बाटलीतील द्रव्याकडून विक्रेत्याच्या दाव्याकडे, नंतर शिफारसकर्त्याच्या जबाबदारीकडे आणि आता शिफारसकर्त्याच्या ओळखीच्या रक्षणाकडे झाली आहे. हा क्रम ग्राहकाच्या गरजेच्या बरोबर उलटा आहे. ग्राहकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न बाटलीविषयीचा आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या विषयाचे दोन उपयोग संभवतात. साधनचिकित्सेचा पाठ शिकविताना बखरी व सनदांबरोबरच जुन्या मासिकांतील एखादे प्रशस्तिपत्र विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास बाह्य व अंतर्गत चिकित्सेचा भेद त्यांना सहज कळेल. इतिहास, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि विधी या विभागांना एकत्र येऊन असा उपक्रम करता येईल. दुसरी बाब ग्रंथालयांशी संबंधित आहे. नियतकालिकांचे वार्षिक खंड बांधताना जाहिरातीची पाने निरुपयोगी समजून अनेकदा काढून टाकली जातात. ती जतन होणे आवश्यक आहे. केसगळतीने चिंतित असलेल्या तरुण विद्यार्थ्यास आज जी जाहिरात खुणावते, तिची पूर्वपीठिका त्याच पानांत आहे, आणि ती तपासण्याची सवय त्याला लावणे हे अध्यापकांच्या कर्तव्यात मोडते.